ओढमापकाचा निवाडा

चंद्राच्या दक्षिण वसाहतीच्या निर्गमद्वाराशी डॉ. हेरंब तेरदाळकर आपल्या ओढमापकाची काच पुसत होते. काच स्वच्छच होती, पण समोर सामान घेऊन यशोधरा किणीकर उभ्या होत्या आणि हातांना काहीतरी चाळा हवा होता.

यशोधराबाई वनस्पतिशास्त्रज्ञ. चंद्राच्या मातीत मेथी उगवून दाखवली ती त्यांनीच. त्या अविवाहित, हेरंबराव विधुर. कित्येक वर्षं दुपारचा चहा दोघं एकत्र घेत आणि चहापलीकडचं काही बोलायला दोघांचीही जीभ रेटत नसे. आता उत्तर वसाहतीनं बाईंना स्वतःची बाग देऊ केली होती. मात्र ती चालवायची आपल्या पगारातून.

दोन्हीकडच्या करांची तऱ्हा न्यारी होती. दक्षिणेत पाणी, हवा, भाजी, कशावरच विक्रीकर नाही. पण मिळकतीतला निम्मा वाटा वसाहत घेई. उत्तरेत मिळकतीवर छदामही नाही, पण विकत घ्याल त्या घोटावर आणि श्वासावर जबर विक्रीकर. साहजिकच मंडळी कमवायची उत्तरेत आणि राहायची दक्षिणेत. शेवटी दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं, की माणसाचं मन जिथं ओढ घेतं तिथला तो रहिवासी, आणि मिळकतीचा कर तिथलाच. ते मन मोजणारं यंत्र बनवायचं लोढणं हेरंबरावांच्या गळ्यात पडलं.

"हे यंत्र मोजतं तरी काय?" बाईंनी विचारलं.

"आवाजातला कंप. मन जिकडं ओढ घेतं तसा तो बदलतो, आणि कुणालाही तो आवरता येत नाही. शब्द कोणतेही असोत. तुम्ही नेहमीसारखा निरोप घ्या."

"बरं. येते हं, हेरंबराव."

काचेवर अक्षरं उमटली: निवास दक्षिण.

हेरंबरावांनी मनातल्या मनात हिशोब केला. निम्मा पगार इथं जाणार आणि उरलेला उत्तरेचा विक्रीकर खाणार, म्हणजे बाग रुजायच्या आधीच संपली. मग त्यांना एकदम हसू आलं. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, हे या खुळ्या यंत्राला कसं कळावं? त्यांनी बाईंना 'जाते' म्हणायची गळ घातली. अभद्र बोलायला लावता म्हणून बाई कुरकुरल्या, पण बागेसाठी त्यांनी मन घट्ट केलं.

"जाते," त्या म्हणाल्या.

निवास दक्षिण.

शब्द कोणतेही असोत, असं आपणच आत्ता सांगितलं होतं, हे हेरंबरावांना आठवलं. बाई पिशवीचा बंद उगाचच सोडत-बांधत होत्या.

यंत्र बिघडलंय, असं हेरंबराव घाईघाईनं म्हणाले आणि ते सिद्ध करायला स्वतःच त्याच्यासमोर वाकले. "मी हेरंब तेरदाळकर. मी कुठंही जात नाही. इथंच राहणार."

निवास उत्तर.

बाईंनी चष्मा लावून ते नीट वाचलं, पुन्हा वाचलं.

"बिघडलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मी इकडची, तुम्ही तिकडचे. दोघांनीही भलत्याच गावी कर भरायचा."

हेरंबरावांना फार भीती वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. ज्याच्या एका शब्दावर गावंच्या गावं कर भरत होती, त्या यंत्राला खोटं पाडायची त्यांची तयारी नव्हती.

"मीही आलो तर चालेल?"

"हे विचारायला यंत्र बनवावं लागलं होय तुम्हाला?"

बागेत पाणी घालायलाही माणूस लागेलच, असं त्या पुढं म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

दोघं यंत्रासमोर शेजारी उभे राहिले. मागं त्यांच्या दुपारच्या चहाचं कोपऱ्यातलं मेज दिसत होतं. तिकडं बघत बाई म्हणाल्या, "येतो हं आम्ही." हेरंबरावांनीही तेच म्हटलं.

शब्द तेच होते. काचेवर मात्र दोन ओळी उमटल्या: निवास उत्तर, निवास उत्तर.

"तिकडं चहावर कर फार आहे," दार उघडता उघडता हेरंबराव म्हणाले.

"एका कपात दोघं घेऊ."