वळायची खूण

हे घडलेलं आहे. रचून सांगायचं असतं, तर सन-जूने स्वतःला जरा बऱ्या जागी ठेवलं असतं.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. कोरियातल्या गुनसान बंदरामागचं बायकांचं जुनं सार्वजनिक न्हाणीघर. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन होतं.

सन-जूची आई, बोक-रे, इथे चोवीस वर्षं गिऱ्हाइकांचं अंग घासून द्यायची. तिला जाऊन सत्तावीस दिवस झाले होते. सोलमध्ये सगळं उरकलं होतं. न्हाणीघरातल्या कुणालाही सन-जूने बोलावलं नव्हतं. आईच्या फोनवरून एका ओळीचा निरोप तेवढा धाडला होता. उत्तर आलं ते त्याच फोनवर... कपाट रिकामं करून न्या.

ती आत आली तेव्हा मालकीण छुन-जाने टीव्हीवरची नजरही काढली नाही.

"बोक-रेचं सामान ना? बसा. एवढा भाग होऊ दे."

बॉयलर बिघडल्यामुळे तीन दिवस पाणी बंद होतं. आतले हौद कोरडे, दिवे मालवलेले, आतल्या दाराला कडी. तरी कपडे बदलायच्या खोलीतल्या लाकडी बैठकीवर मासे विकणारी मल-सून उकडलेली अंडी सोलत बसली होती. तिच्या पलीकडे ऐंशी पार केलेली ओक-बुन आजी पालथी झोपून घोरत होती.

टीव्हीवर ती मालिका चालू होती. त्या दिवसांत जो तो तिच्याबद्दलच बोलायचा. मिठागराच्या गावात एका मुलीचं प्रेत किनाऱ्याला लागतं. गावातलंच कुणीतरी ते पाहून पोलिसांना सांगतं, 'मी हिला ओळखत नाही.' मुलगी बिननावाची पुरली जाते. मग दर भरतीला ती दारोदार येते.

ते शब्द कुणाचे, हे उद्या शेवटच्या भागात कळणार होतं.

"डॉक्टरच," मल-सून म्हणाली. "पहिल्या भागापासून त्याचे हात ओले दाखवतात."

"गेल्या आठवड्यात तू दुकानदार म्हणत होतीस."

"मग तो हसला कसा होता, ते पाहिलंस का ताई?"

"तुझ्या मते हसेल तो गुन्हेगार. तुझा नवरा हसत नाही म्हणून वाचला."

"त्याला हसायला मी वेळ देते कुठे?"

छुन-जाने एक अंडं उचललं. "बोक-रे मात्र पहिल्यापासून म्हणायची, सख्खी बहीणच ती."

"आणि वर तिचीच कीव," मल-सून म्हणाली. " म्हणे, वाईट नाहीये गं ती, चार लोकांत उभी होती, लाजली बिचारी, गेलं तोंडातून. मी त्या बहिणीला शिव्या घातल्या, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

सन-जूने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

तीन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसची सहल याच शहरात आली होती. सकाळी साहेबीणबाई सगळ्याजणींना आंघोळीला म्हणून इथेच घेऊन आल्या. सन-जूला कारण काढून टाळता आलं असतं. तिने टाळलं नाही. आई त्या दिवशी सुट्टीवर असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

आई समोरच उभी होती. कामावरची काळी चोळी, काळी चड्डी, हातात अंग घासायचा खरखरीत हिरवा हातमोजा.

साहेबीणबाई हसून म्हणाल्या, "अगं, हिचं कपाळ अगदी तुझ्यासारखं आहे. ओळखीची का?"

"नाही. मी ओळखत नाही."

आईने तिला टेबलावर पालथं झोपवलं. अंग घासलं, नेहमीपेक्षा हलक्या हाताने. पाठ झाल्यावर ओल्या पंजाने दोन चापट्या मारल्या. थप, थप. ही बाजू झाली, आता वळा. गिऱ्हाइकाला करतात तीच खूण.

सन-जू वळली. आईकडे न बघता.

त्यावर दोघी पुढे कधीच बोलल्या नाहीत. मालिका सुरू झाली, तेव्हापासून दर रविवारच्या फोनवर आई विचारायची, "तुला काय वाटतं गं, का म्हणाली असेल ती तसं?" आणि सन-जू म्हणायची, "बघ ना पुढे, कळेल." फोन ठेवून द्यायची.

भाग संपला. छुन-जा उठली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहू लागली.

"तुम्ही बोक-रेच्या कोण? मुलगी तर नव्हे?"

आता इथे साहेबीणबाई नव्हत्या. लाजावं असं कुणीच नव्हतं. हो म्हणायला काही लागत नव्हतं.

"नाही," सन-जू म्हणाली. "मी तिच्या मुलीच्या ऑफिसातली. तिने पाठवलंय."

आणि आतून आवाज आला...

थप.

थप.

मल-सूनचा हात तोंडाशी थांबला. छुन-जाने टीव्ही बंद केला.

घोरणंही थांबलं होतं...

ओक-बुन आजी झोपेतच सावकाश वळली. उताणी झाली. पुन्हा घोरू लागली.

"छताचं पाणी असेल," मल-सून हळूच म्हणाली.

"पाणी कुठाय?"

छुन-जाने कडी काढली. फरशी कोरडी. हौद कोरडे. अंग घासायचं टेबलही कोरडं. तिने त्यावर तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

मग तिने किल्ली आणून दिली. कपाटात एक हिरवा मोजा होता, एक कंगवा, आणि कॅलेंडरचा घडी केलेला कागद. त्यावर सगळ्यांनी आपापला अंदाज लिहिला होता. बोक-रेच्या नावापुढे 'बहीण'. खाली बारीक अक्षरात, 'पण तिला माफ करतील.'

दाराशी छुन-जा म्हणाली, "तिच्या मुलीला सांगा, एकदा येऊन जा. फोटो पाहिलाय आम्ही. ओळखू तिला."

हे म्हणताना ती सन-जूच्या कपाळाकडे बघत होती.

सन-जूने मान डोलावली. निघून आली.

शेवटचा भाग तिने पाहिला नाही. बहिणीला माफ केलं की नाही, ते कुणाला विचारलंही नाही. ते दोन ठोके आईने रागाने मारले, की नुसतं सांगितलं, ही बाजू झाली, आता वळ... हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीत ती कामासाठी दुसऱ्या शहरात, देजॉनला गेली होती. दुपारी मोकळा वेळ होता. एका अनोळखी न्हाणीघरात, अनोळखी बाईच्या टेबलावर ती पालथी झोपली. चेहऱ्याखाली टॉवेल. डोळे मिटलेले.

पाठीवर दोन चापट्या बसल्या. हलक्या हाताच्या.

सन-जू वळली.

ती बाई चार पावलांवर, नळाशी उभी होती. मोजा अजून हातात चढवत होती.

"अहो ताई," ती म्हणाली, "वळलात कशाला? मी अजून सुरुवातच केली नाहीये."