आनंदरावांचा कान

शिरोलीच्या कारखान्यात कॅमशाफ्टवर पितळी दांडीचा ठोका मारून पाहणारे आता कोणी उरले नव्हते. तरीही तिथे रोज घडणारे चार हजार शाफ्ट आनंदराव चौगुल्यांच्या कानावरून गेल्याखेरीज बाहेर पडत नसत. वास्तविक आनंदरावांना निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती, आणि या क्षणी ते स्वतःच्या अंगणात बसून समोर ठेवलेल्या दोन शाफ्टांकडे अस्वस्थपणे पाहत होते.

इंजिन श्वास घेते ते कॅमशाफ्टच्या जोरावर. या दांड्यावरचे अंडाकृती कॅम फिरता फिरता झडपा उघडतात आणि मिटू देतात. पूर्वी हा दांडा भरीव असे. पुढे हायड्रोजन जाळणारी हलकी इंजिने आली आणि तो पोकळ झाला. पातळ पोलादी नळीवर माळेतल्या मण्यांसारखे कॅम ओवायचे, नळी साच्यात बंद करायची आणि तिच्या पोटात पाणी कोंबायचे. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी असतो त्याच्या दुप्पट दाबाने नळी आतून फुगते आणि प्रत्येक कॅमला घट्ट कवटाळते. या रीतीला जलघडण म्हणत.

कधी मात्र एखाद्या कॅमला ही मिठी एका बाजूने सैल बसते. डोळ्यांना ते दिसत नाही; ठोक्याला कळते. चांगला शाफ्ट घंटेसारखा वाजून विझतो, सैल शाफ्टच्या नादाला शेवटी एक बारीक, उंच शेपूट राहते. ते शेपूट ओळखण्यात आनंदरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून ते निवृत्त होण्यापूर्वी त्यांची कर्णमुद्रा घेण्यात आली. आवाज ऐकताना त्यांच्या श्रवणनाडीत आणि मेंदूत जे जे उमटत होते, त्याचा हा हुबेहूब ठसा होता. आज देशातल्या चाळीस कारखान्यांत तोच ठसा तपासणी यंत्रांत बसून निर्णय देत होता.

तो घेणाऱ्या डॉ. नीलिमा वर्तक आज अंगणात खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

"ठोका मारून बघा ना, आनंदराव."

आनंदरावांनी पहिला शाफ्ट दोऱ्यावर टांगला, ठोका दिला, डोळे मिटले. मग दुसरा.

"दोन्ही पास. का वो मॅडम?"

"यंत्रानंही दोन्ही पास केलेत. पण दुसरा गगनबावड्याच्या घाटात बंद पडलेल्या रुग्णवाहिकेतून काढलाय. कॅम सरकला होता. आतला माणूस वाचला नाही. या वर्षातलं हे तिसरं इंजिन."

आतून तन्वी भाकरीचा घास हातात घेऊन बाहेर आली. आनंदरावांची ही एकुलती एक लेक रुग्णवाहिका चालवत असे, त्याच घाटात. जेवायला घरी आली की गाडी ती दारातच उभी करी.

"आबा, दुसऱ्याच्या शेवटाला ते टींऽ आलं की. ते चालतंय व्हय?"

"कसलं टीं?"

"परत मारा बघू."

आनंदरावांनी ठोका मारला. तन्वीने बोट वर केले. "हे बघा, हे आत्ता... आत्ता गेलं."

आनंदरावांना शाफ्ट केव्हाच विझलेला वाटत होता. लेकीच्या त्या उचललेल्या बोटाकडे ते बघतच राहिले.

"तुमच्या श्रवणचाचणीचा दाखला माझ्याकडे आहे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "मुद्रा घेण्याच्या आधीच्या महिन्यातला. निर्दोष. मी पुन्हा तपासलं नाही. तुमच्या कानाची परीक्षा आपण घ्यायची, हे मला उद्धटपणाचं वाटलं."

"दाखला खोटा न्हाई, मॅडम," आनंदराव म्हणाले. "मी खोटा. खोलीत काचेची खिडकी होती. तपासणाऱ्या पोराचा अंगठा तिच्यात दिसायचा. त्यानं बटण दाबलं की आपण बोट वर करायचं. घडणीच्या प्रेसवरचे समदे तसंच करायचे. ऐकू येत न्हाई म्हटलं की माणसाला पॅकिंगला टाकत हुते. पंचवीस वर्सं कान लावून पोरगी वाढवली. खोकी कुठं बांधत बसू?"

"आबा!" तन्वी म्हणाली.

"कधीपासून? आठवून सांगा. तेवढेच शाफ्ट परत मागवता येतील."

आनंदराव आठवू लागले. घरामागच्या उसात संध्याकाळी रातकिडे ओरडत, ते एका वर्षी बंद झाले होते. फवाऱ्यांनी किडे मारले म्हणून शेजाऱ्याशी ते भांडलेही होते.

"तन्वी, रातकिडे अजून ओरडत्यात?"

"रोज ओरडतात की."

"म्हंजे मुद्रेच्या आधी दोन वर्सं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. अर्थ सरळ होता. ठशाने पास केलेला एकही शाफ्ट वगळता येत नव्हता.

"मग यंत्राला शिकवा की नव्यानं," तन्वी म्हणाली. "मी येते टीं ऐकायला."

"तुला आवाज येतो, पण कुठला चालतो आणि कुठला नाही हे हजारो शाफ्ट ऐकून कळतं. ती माणसं गेली, आणि ठसा आल्यावर नवी कुणी घडवलीच नाहीत. बरं, यंत्राला ऐकू येत नाही, हे यंत्राला कळतही नाही. तिथं त्याला शांतताच ऐकू येते. आनंदरावांना किडे मेल्यासारखे वाटले, तसंच."

तन्वीच्या कमरेचा फोन वाजला. तिने ऐकले आणि ओढणी खोचली. "बाळंतपणाची केस. आडवं बाळ हाय. घाटाच्या पल्याड."

"दुसरी गाडी?" आनंदरावांनी विचारले.

"चाळीस किलोमीटरमध्ये माझीच." ती डॉक्टरांकडे वळली. "माझ्या गाडीत कुठला शाफ्ट हाय?"

"ठशानं पास केलेलाच. दोनशेंत एखादा सैल निघतो. इंजिन उघडल्याशिवाय तुझा कुठला, ते सांगता येणार नाही."

"उघडायला?"

"सहा तास."

तन्वीने बापाकडे पाहिले. आनंदरावांच्या ओठांवर आलेले 'नको' तिथेच अडले. पल्याड कुणाची तरी लेक कळा देत होती.

"हळू जा," ते एवढेच म्हणाले.

"हळू जाऊन कसं चालंल, आबा?"

गाडी सुरू झाली. आनंदरावांनी सवयीने मान कलती केली. इंजिन एका सुरात, तेल लावल्यासारखे वाजत होते. कुठे खरखर नाही, कुठे शेपूट नाही. सबंध आयुष्यात इतके निर्दोष इंजिन आपण ऐकले नाही, असे त्यांना वाटले, आणि मग रातकिडे आठवले.

गाडी वळणाआड होण्यापूर्वी त्यांनी ऐकणे सोडून दिले आणि डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिले, पूर्वी काचेतल्या अंगठ्याकडे पाहत तसे.

डॉक्टर त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहत होत्या.