ब्याण्णव टक्के यंत्र

कॉलेजच्या जिन्यात तिने समोरून येणाऱ्या माणसाला अडवलंच. "कॉम्प्युटर विभाग कुठेय हो? तिथल्या माणसाला मला चांगलं झापायचंय."

"तो मीच," तो बाजूला होत म्हणाला. "झापा."

लेखन शिकवणाऱ्या या बाईंना मुलं उगाच 'मिरची मॅडम' म्हणत नव्हती. हातातला निबंध तिने त्याच्या नाकासमोर धरला. वर्गातल्या सगळ्यांत अबोल मुलीने लिहिला होता – पक्षाघातानंतर तिचे वडील पुन्हा बोलायला कसे शिकले, आणि पहिला शब्द म्हणून त्यांनी डॉक्टरांना कशी कचकचीत शिवी हासडली, त्यावर. निबंध तपासणाऱ्या नव्या प्रोग्रॅमने शेरा मारला होता : 'ब्याण्णव टक्के यंत्राने लिहिलेला.' मुलगी नापास.

"माझ्यासमोर बसून तीनदा खोडून लिहिलंय तिने! अर्धा वर्ग खरंच यंत्राकडून लिहून आणतो, तो पास. आणि ही…" तिचा आवाज चिरकला. "लाज नाही तुमच्या त्या डबड्याला!"

"डबडं मी फक्त बसवलं. निर्णय परीक्षा समितीचा."

"वा! म्हणजे दोष कुणाचाच नाही. किती सोयीचं!"

त्याचे कान लाल झाले. निबंध मात्र त्याने ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो तिच्या रिकाम्या वर्गात शिरला. चेहरा तापलेला, हातात एक पिवळट कागद.

"बाबांनी लग्नाआधी आईला लिहिलेलं पत्र. चाळीस वर्षं झाली याला. त्या प्रोग्रॅममध्ये घालून पाहिलं… शहाऐंशी टक्के यंत्र, म्हणे!" त्याने बाकावर मूठ आपटली. "माझे बाबा, मॅडम! साधा टाइपरायटर कधी हाताळला नाही त्यांनी!"

तिने अर्धा खाल्लेला डबा बंद केला.

"चला," ती उठली. "प्राचार्यांकडे. राग थंड व्हायच्या आत."

प्राचार्यांनी बोलावलेल्या समितीसमोर त्याने ते पत्र मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, आणि शेवटी प्रोग्रॅमचा शहाऐंशी टक्क्यांचा शेराही. मुलगी पास झाली, प्रोग्रॅम बंद झाला, आणि नको तिथे नाक खुपसल्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली.

मग पंधरा दिवस तिच्या वर्गातला एकच प्लग रोज बिघडत राहिला. रोज तो दुरुस्तीला येई, आणि तास संपला तरी रेंगाळे.

"मला लिहायला शिकवाल?" एका दुपारी त्याने विचारलं. "एक पत्र लिहायचंय. जमत नाही."

"यंत्राला सांगा की!"

"सांगितलं. फार गुळगुळीत लिहितं. तिला राग येईल."

"तिला – म्हणजे कुणाला?"

त्याने घडी घातलेला कागद पुढे सरकवला. पाच ओळी खोडलेल्या. एकच उरलेली – 'तुम्ही भांडता, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं.'

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"पंधरा दिवस प्लग पिळत बसलात… आणि हे आत्ता?"

"चिडलात?"

"भयंकर." तिने शेजारची खुर्ची ओढली. "बसा इथे. खोडलेल्या पाच ओळींत काय होतं, ते आधी सांगा."