लूपेची टाच

सेइनी आली ती कपड्यांचं गाठोडं घेऊनच. कालोलाइने ओट्यावर बसून अळूच्या पानांत मटण बांधत होती. नवरा वारल्यावर तिने पोलिसातली नोकरी सोडली आणि लोकांच्या भानगडी उलगडण्याचं काम धरलं. तिचा दीर सेमिसी गाडी चालवायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा.

"सासूबाईंनी घर सोडायला सांगितलंय, मावशी," सेइनी म्हणाली. "त्यांची टाच मी भाजली म्हणतात."

तिच्या सासूचं, लूपेचं, पोटाचं ऑपरेशन टोंगा बेटांवरच्या नेइआफू गावात, खासगी दवाखान्यात झालं होतं. पोट बरं झालं, पण टाच काळी पडली. आता पाय राहतो की जातो, हेच कळत नव्हतं. दवाखाना म्हणे, घरच्याच कुणीतरी गरम काही पायाशी ठेवलं. आणि पलंगाशी बसली होती सून.

"तुझ्याजवळ गरम काही होतं?"

"चहाचा थर्मास होता."

"झालं तर मग," सेमिसी पुटपुटला.

"भावजी, तुम्ही मटण बांधा," कालोलाइने म्हणाली. "बोल, पोरी."

"ऑपरेशनच्या खोलीतून आणलं तेव्हाच पाय घोंगडीत गुंडाळलेले होते. डॉक्टर म्हणाले, उघडू नका. मी एकदाच उठले, पाएआमामा जेवण घेऊन फाटकाशी आले तेव्हा. संध्याकाळी सासूबाई किंचाळल्या. डॉक्टर धावत आले नि मला पाण्याला पिटाळलं. परत आले तर पाय उघडे आणि घोंगडी गायब."

कालोलाइनेने हात पुसले.

लूपे घरात चटईवर पडली होती. पायाचं बोचकं उशीवर होतं आणि जीभ शाबूत होती.

"ऑकलंडात वाढलेली पोर. इंग्रजी फाडफाड बोलते, पण म्हातारं माणूस सांभाळता येतं का तिला?"

"चटका बसला तेव्हा पाय का नाही ओढलात?"

"पाय माझे होते कुठे? कमरेत सुई टोचली तेव्हापासून नुसते ओंडके. जाग आली आणि आगच लागली."

लूपेचा भाऊ पाएआ बाहेर नीरफणसाच्या सावलीत बसला होता. पायाने अधू, दाढी पांढरी.

"जेवण फाटकाशी दिलं," तो म्हणाला. "डॉक्टर तिथेच सिगारेट ओढत होता. त्याला मोडक्या इंग्रजीत म्हटलं, मी भाऊ, कशी आहे ती? तर म्हणे, छान."

"आणि आता कशी आहे?"

"सेइनीला विचारायचो. आता तीही घराबाहेर."

आतून लूपे खोकली. तसा तो काठी टेकत उठला आणि झाडाच्या पलीकडे जाऊन बसला. सेमिसीला त्यात काही नवल वाटलं नाही.

"सुनेनेच केलंय, वहिनी," गाडीत तो म्हणाला. "वेंधळी आहे."

"तुम्ही रस्ता बघा. मघाशी डुक्कर थोडक्यात वाचलं."

दवाखान्यात परिचारिका मेलेआने भेटली. ऑपरेशनची खोली एवढी गार की कालोलाइनेने रिवाजाप्रमाणे कमरेला नेसलेली चटई घट्ट आवळली.

"पेशंटला ऊब कशी देता?"

"गरम पाण्याच्या पिशव्या कधीच्या फाटल्यात, ताई."

"मग?"

मेलेआनेने बाजूच्या खोलीकडे पाहिलं. तिथे मायक्रोवेव्ह होता, शेजारी सलाइनच्या पिशव्या.

"त्यात डॉक्टर कॉफी गरम करतात," ती हळूच म्हणाली. "मला दोन लेकरं आहेत, ताई. जास्त विचारू नका."

डॉक्टर कर्बी ऑस्ट्रेलियाचा, गोड बोलणारा माणूस.

"मी फक्त घरचं माणूस म्हणालो," तो म्हणाला. "सुनेचं नाव त्यांनीच घेतलं."

"माणूस कोण, ते पाहिलंत का?"

"तिचा भाऊ. लंगडतो तो. दुपारी पलंगावर बसून तिचे पाय चोळत होता. टॉवेलात गरम दगड होता."

"स्वतः पाहिलंत?"

"याच डोळ्यांनी."

सेमिसीचं तोंड उघडंच राहिलं. कालोलाइनेने त्याच्या पायावर पाय दिला.

"इथे किती वर्षं आहात, डॉक्टर?"

"चार."

"मग एवढं कळायला हवं होतं. आमच्यात भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. पाएआ आजसुद्धा अंगणात बसून तिची खबर दुसऱ्याकडून घेतो. पलंगावर बसून पाय चोळणं त्याच्या हातून जन्मात व्हायचं नाही. हे खोटं इथल्या माणसाने रचलं नसतं. त्याने दुसरं कुणाचंही नाव घेतलं असतं."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागला.

"खोटं बोलावं का लागलं, तेही सांगते. जागा असलेला पाय चटका बसताच मागे येतो. लूपेचे पाय सुईने झोपलेले होते, तेव्हाच टाच भाजली. पाय गुंडाळले तुमच्या खोलीत, आणि उघडू नका म्हणालात तुम्ही. सुनेने मागून काही सरकवलं असेल, असं भावजींना वाटतं."

"वाटत होतं," सेमिसी म्हणाला.

"तसं असतं तर घोंगडीत सापडलेली वस्तू डॉक्टरांनी गावभर दाखवली असती. हे बघा, सुनेनं काय केलं! पण यांनी तिला पाण्याला पिटाळलं आणि वस्तू लपवली. आपली वस्तू माणूस लपवतो, दुसऱ्याची मिरवतो. गरम पाण्याच्या पिशव्या फाटलेल्या. मग उरलं काय? मायक्रोवेव्हमधली सलाइनची पिशवी."

"पाय बर्फासारखे होते," शेवटी डॉक्टर म्हणाला. "ऊब द्यावी म्हटलं. किती तापलीय ते बघितलं नाही, मग विसरलो. उपचाराचं मी बघतो."

"ते वकील बघतील. आधी लूपेपुढे चला."

लूपेला इंग्रजी येत नव्हतं, डॉक्टरला टोंगन. मध्ये सेइनीला बसवलं. डॉक्टर खाली मान घालून बोलला. सेइनीने तोंड उघडलं.

"मी तुमची टाच..." ती डॉक्टरचे शब्द टोंगनमध्ये सांगू लागली.

लूपेने हात वर केला. एकदा डॉक्टरकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"थांब. हे तुझ्या तोंडून नको."

"त्यांना आपली बोली येत नाही, आई."

"मग शिकव."

सेइनीने एकेक शब्द सांगितला. डॉक्टर अडखळत म्हणत गेला: मी तुमची टाच भाजली आणि दुसऱ्यावर ढकललं. लूपेची नजर त्याच्या तोंडावरून हलली नाही.

"नीट कळलं नाही," ती म्हणाली आणि सुनेला बसायला चटईवर जागा केली. "पुन्हा म्हणायला सांग."