मनगटाचं माप

घड्याळाचा पट्टा घरी बदलायचा असेल तर आधी टेबल रिकामं करावं आणि त्यावर मऊ, फिकट रंगाचं कापड अंथरावं. फिकट अशासाठी, की पट्टा धरून ठेवणारी स्प्रिंगची कांडी आगकाडीहूनही बारीक असते आणि दाबाखालून निसटली की टुणकन उडते. गडद सतरंजीवर पडली तर दिवसभर शोधत बसा.

हे मी सगळं आधी वाचून काढलं होतं. मी पुस्तकांची प्रूफं तपासते. सूचना शेवटपर्यंत वाचायच्या आणि मगच हात घालायचा, ही त्या कामाने लावलेली शिस्त.

बाबांचं घड्याळ महागातलं होतं. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या, दोन शर्ट आलटून पालटून वापरणाऱ्या माणसाने केलेली ती एकच चैन. आजारपणात मनगट वाळत गेलं तसा ते चामड्याचा पट्टा आवळत गेले, आणि छिद्रं संपल्यावर स्वतःच आतल्या बाजूला नवी पाडत गेले. ते गेल्यावर मला घड्याळ वापरायचं होतं, पण तो पट्टा हातात धरवत नव्हता. औषधांचा वास त्यात मुरला होता.

दादा दूर राहतो; घरी आई आणि मीच. त्याला फोनवर सांगितलं तर हसायलाच लागला.

"तू? साधा बल्ब लावताना स्टूल मोडलं होतंस."

"स्टूल तू बसून मोडलंस. मी फक्त त्यावरून पडले."

"बरं बाई. पण जपून कर. ओरखडा पडला तर बाबा स्वप्नात येऊन झापतील."

"आले तर बरंच आहे," मी म्हणाले.

रविवारी सकाळी, खिडकीतून भरपूर उजेड येत असताना मी कामाला बसले. घड्याळाच्या डबीच्या दोन्ही बाजूंना पट्टा धरणारी छोटी शिंगं असतात. त्यांना ओरखडा जाऊ नये म्हणून कागदी चिकटपट्टी लावली. घड्याळ पालथं ठेवलं. कांडी काढायचं हत्यार पेनाएवढं, टोकाला सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं. ते पट्टा आणि शिंग यांच्यामधल्या फटीत सरकवायचं, कांडीची कड आत दाबायची, पट्टा अलगद सोडवायचा. जोर लावायचा नाही. जोर लागतोय असं वाटलं तर आपलंच काहीतरी चुकतंय.

नवा पट्टा गडद तपकिरी होता. बक्कल असलेला आखूड तुकडा बाराच्या आकड्याकडे, छिद्रांचा लांब तुकडा सहाच्या आकड्याकडे, असं लिहिलेलं होतं, तसाच बसवला. जुना कसा होता ते काढताना मी पाहिलंच नव्हतं. कांडी टिक् आवाज करत जागेवर बसली. ओढून पाहिलं, पक्कं होतं.

पण माझं मनगट बारीक. सगळ्यात आतल्या छिद्रातही घड्याळ गोल फिरत होतं. छिद्र पाडायची पक्कड मागवली आणि ती येईपर्यंत घड्याळ टेबलावरच्या बशीत ठेवून दिलं.

हे घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं. हातात नसेल तर दोनेक दिवसांत थांबतं. बाबा गेल्यापासून थांबलेलंच होतं. माझ्या हाताळण्याने चालू झालं, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की नंतर ते थांबलं नाही.

मग एका सकाळी पट्ट्याचे दोन्ही तुकडे बदललेले दिसले. बक्कल सहाच्या बाजूला, छिद्रं बाराच्या बाजूला. शिंगांवर कुठे चरा नव्हता.

"आई, तू घड्याळाला हात लावलास का?"

आई खिडकीशी बसून चहा पीत होती. "मी कशाला लावू? तूच उलटा बसवला होतास."

"उलटा कसा? तिथे लिहिलं होतं."

"लिहिलं असेल. हे डावरे नाहीत का? घड्याळ उजव्या हातात घालायचे. त्यांना पट्टा असाच लागायचा. एवढी पुस्तकं वाचतेस आणि बापाचा हात पाहिला नाहीस?"

आईचे हात कापतात. सुईत दोरासुद्धा मी ओवून देते.

दादाला कळवलं असतं तर त्याने मला आराम करायला सांगितलं असतं, आणि त्याच्या जागी मीही तेच सांगितलं असतं.

पक्कड आली, पण मी छिद्र पाडलं नाही; घड्याळ बशीतच राहिलं. त्यानंतर पट्ट्यावर घडी दिसायला लागली. बक्कलचा काटा रोज ज्या छिद्रात अडकतो तिथे चामड्यावर बक्कलची आडवी खूण उमटते. नव्या पट्ट्यावर ती सगळ्यात आतल्या छिद्रापाशी उमटली. अगदी बारीक मनगटाची जागा. मी भिंगातून पाहिलं. खूण एका दिवसाची वाटत नव्हती. चामडं मऊ पडलं होतं, कडा घामाने काळवंडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात खूण एक छिद्र बाहेर सरकली होती. मग आणखी एक.

याचा अर्थ एकच होता. तो पट्टा बांधणाऱ्याचं मनगट भरत चाललं होतं.

याच सुमाराला आईचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. आधी मला वाटलं, फ्रेम सैल झाली असेल. मग तिची अंगठी भांडी घासताना सिंकमध्ये पडली. तिने अंगठीला आतून दोरा गुंडाळला. काही दिवसांनी त्यावर आणखी गुंडाळला. जेवत होती, माझ्याइतकंच. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहेत. माणूस गेल्यावर होतं असं. जपा त्यांना."

आई मात्र खुशीत होती. गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालायची. मी एकदा तिला दंडाला धरून उठवलं तेव्हा माझी बोटं एकमेकांना टेकली.

मी हत्यार काढलं आणि टेबलाशी बसले. आई मागे येऊन उभी राहिली.

"काय करतेस?"

"पट्टा काढतेय."

"राहू दे गं."

"आई, तू आरशात पाहिलंस का स्वतःला?"

"मला काय करायचंय? आता कुठे त्यांनी अंग धरलंय. शेवटी शेवटी नुसती हाडं राहिली होती, बघवत नव्हतं. उगाच मोडता घालू नकोस."

मी पट्टा काढला. या वेळी चिकटपट्टी लावायला थांबले नाही, आणि पहिल्यांदाच ओरखडा पडला. नुसतं घड्याळ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

दुपारी आई आडवी झाली ती उठेना. तळवे गार पडले होते. दोन पांघरुणं घातली, गरम पाण्याची पिशवी दिली.

"मला नाही गं," ती म्हणाली. "त्यांना थंडी वाजतेय. त्यांना घाल काहीतरी."

तिचे ओठ निळे दिसायला लागले तेव्हा मी कपाट उघडलं.

चामड्याचा पट्टा पुन्हा लावायला मन धजेना. घड्याळाबरोबर आलेला स्टीलचा पट्टा खोक्यात पडून होता, बाबांनी कधीच न वापरलेला. स्टीलच्या पट्ट्याला छिद्रं नसतात; मापासाठी कड्या काढाव्या लागतात. मागच्या बाजूला बाण असतो, त्या दिशेने खीळ बाहेर ठोकायची, कडी सुटते. मी माझ्या मनगटाचं माप घेतलं, जास्तीच्या कड्या काढल्या, आणि घड्याळ डाव्या हातात चढवलं. बाबांचं मनगट त्यात मावलं नसतं.

आईच्या तळव्यांना हळूहळू ऊब आली. संध्याकाळी उठून बसली आणि भूक लागली म्हणाली.

ही गोष्ट उन्हाळ्याच्या सुरुवातीची. आता आईने अंगठीचा दोरा काढून टाकलाय. चष्मा जागेवर राहतो. डॉक्टर तिला म्हणाले, "वा, छान." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं वजन करू या का?" मी म्हटलं, पुढच्या वेळी.

मी घड्याळ आंघोळीलाही काढत नाही. झोपताना डाव्या हातात असतं. सकाळी उजव्या हातात असतं.

कड्या मी आणखी काढल्या. आता काढण्यासारखी एकही उरली नाही, तेव्हा तसंच घालते.

दादा येऊन गेला. म्हणाला, आई किती छान दिसतेय. मला म्हणाला, तू खातेस ना नीट?

काल दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. घास गिळून, ताटावरून मान वर न करता तिने विचारलं, "त्यांना अजून किती लागेल गं?"

मी हात वर केला. घड्याळ घरंगळत कोपरापर्यंत गेलं आणि तिथे अडकलं.

"लागू दे," मी म्हणाले. "आहे अजून."