खिडकीपुढचं मीठ

रंगूबाईला त्या खिडकीचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाचा हा बंगला तिच्या आजेसासऱ्यांनी बांधला, मिठागरं ऐन भरात होती तेव्हा. मुंबईतल्या साहेबी इमारती बघून बेतलेला: ग्रीक देवळासारखे उंच खांब, वर त्रिकोणी माथा, दाराच्या दोन्ही अंगांना हुबेहूब सारख्या खिडक्या. डावी खरी. उजवी कायम खिळे ठोकून बंद, आणि तिच्यापुढे घरातल्या सुनेने रोज दिवेलागणीला मूठभर मीठ ठेवायचं. कोणासाठी, ते सासूनेही कधी सांगितलं नाही. उद्या पुतण्या हर्षित बिल्डरचे कागद आणणार. तिची सही झाली की बंगला जमीनदोस्त.

"जन्मभर ज्याला मीठ घातलं, त्याचं तोंड न बघता सही करू होय?"

जुन्या इमारतींची मापं घेणारी, आज त्यासाठीच आलेली संचिता हसली. "आजी, ही नकली खिडकी आहे. मागे जिन्याची भिंत ना? पण दर्शनी बाजू काणी दिसायला नको, म्हणून नुसत्या झडपा बसवल्या. तेव्हाची पद्धतच ती."

"मग उघड की! बोलतेस काय नुसती?"

खिळे निघाले. झडप कुरकुरली. खाडीच्या चिखलाचा ओला वास आला... आणि समोर भिंत. सलग, भरीव, चुन्याला कुठे तडासुद्धा नाही.

"बघा!"

रंगूबाई खट्टू झाली. मग चष्मा नाकावर चढवून तिने झडपेची पाठ न्याहाळली.

"पोरी, झडपेच्या पट्ट्या उघडमीट करायची ही दांडी आतल्या अंगाला का असते?"

"घरातल्या माणसाला आतून हात..." संचिता थांबली.

दांडी मधोमध झिजलेली होती. जात्याच्या खुंट्यासारखी गुळगुळीत, घामाने काळवंडलेली.

"आजी... झडप लावली की इथे बोटसुद्धा शिरत नाही."

तिने पट्ट्या घट्ट मिटल्या, झडप लावली आणि चहालाही न थांबता निघून गेली.

तेवढ्यात हर्षितचा फोन. "काकी, उद्या सही पक्की ना?"

"नाही."

"अगं, आता काय झालं?"

"घरात माणूस आहे. त्याला विचारल्याशिवाय नाही."

दिवा लावून तिने मीठ ठेवलं. मिटलेल्या पट्ट्या हलक्या हाताने सारल्यासारख्या एकदम आडव्या झाल्या, मधल्या फटी उघडल्या.

रंगूबाई मागे सरली नाही. उलट फटीला डोळा लावायला वाकली.

"कोण रे तू?"

 तिच्या चष्म्याची काच पलीकडून धुरकट होत गेली.