काटा दहाने उतरला

शिडीवर फक्त दोन पाय दिसत होते. बाकीचा माणूस छताच्या आत गेलेला.

"बारा नंबरचा पाना द्या जरा," छतातून आवाज आला.

ती प्रवेशअर्जाची खिडकी शोधत चुकून त्या मजल्यावर आली होती. तरी तिने खालच्या पेटीत वाकून पाहिलं आणि बाराचाच पाना वर दिला. थोड्या वेळाने धुळीने माखलेला एक चेहरा खाली डोकावला.

"बरोबर दिलात की..."

"त्याच्यावर लिहिलंय," ती म्हणाली आणि खिडकी शोधायला निघून गेली.

तिला वाटलं, हा कॉलेजचा मेकॅनिक. त्याला वाटलं, या नव्या मॅडम. आठवड्याने वातानुकूलनाच्या वर्गात दोघं एकाच बाकावर आले. त्याने आपली पेटी सरकवून तिला जागा करून दिली.

वर्गाने तिचं नाव पुस्तकवाली ठेवलं आणि त्याचं शिडी. शिडी मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात वाढला होता. कंप्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगायचा, पण लेखी पेपर समोर आला की त्याची दातखीळ बसायची. गेल्या वर्षी तो नापास झाला होता. पुस्तकवालीचं उलट. सूत्रं तोंडपाठ, पण तांब्याची नळी हातात घेतली की हात लटपटायचे. सरांनी दोघांची जोडी लावली. म्हणाले, एकाला हात आहेत, एकीला डोकं आहे. दोघांचा मिळून एक माणूस होतो का बघू.

वर्षभर मग जिन्याच्या पायरीवर ती त्याला गणितं समजावून सांगायची आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो तिला तांब्याच्या नळ्यांचे जोड भरायला शिकवायचा. थंडावा शिकवणारी ती शेड उन्हाने नेहमी भट्टीसारखी तापलेली असे.

"ज्योत नळीवर धरा. माझ्याकडे नका वळवू."

"तुम्हीच मध्ये येता."

"मी... बरं, सरकतो." आणि तो जेमतेम बोटभर सरकायचा.

त्याला एक खोड होती. दाबाच्या मीटरच्या काचेवर तो सारखी टिचकी मारायचा. तिने शंभरदा बजावलं, टिचकी मारू नका, काटा काय झोपलाय का? तो हसायचा, आणि पुन्हा मारायचा.

शेवटच्या प्रात्यक्षिकात जोडीने मिळून सात जोडांची नळी बसवायची होती. ती नळी नायट्रोजन वायूने भरायची, दाब तीनशेवर आणायचा आणि कुलूप लावून घरी जायचं. सकाळी काटा उतरलेला दिसला, तर कुठेतरी गळती. मग जोडीतला ज्याचा जोड कच्चा, तो नापास. सोमवारी तिला परगावच्या इस्पितळात, तिथल्या यंत्रघरात, कामावर रुजू व्हायचं होतं. पण प्रमाणपत्र हातात असलं तरच. आणि दुसऱ्यांदा नापास होणाऱ्याचं नाव पटावरून जायचं.

चार जोड त्याने भरले, तीन तिने. दुपारी चारला काटा तीनशेवर आला. त्याने टिचकी मारली, तिने डोळे वटारले.

सकाळी सातला शेड उघडली, तर काटा दोनशे नव्वदवर.

दोघांनी साबणाचं पाणी करून एकेका जोडाला लावलं आणि नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. एक बुडबुडा नाही. म्हणजे गळती बारीक असणार, डोळ्यांना न दिसणारी. तो हळूच म्हणाला, मी चहा घेऊन येतो, आणि गेला.

ती सात जोडांकडे पाहत राहिली. तिचे तीन ओबडधोबड होते, त्याचे चार देखणे. पण परीक्षेच्या दिवशी देखण्या जोडालाही चीर जाऊ शकते, आणि त्याला तर यापुढे संधीच नव्हती. तिला पुढच्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं. इस्पितळ तेवढं थांबलं नसतं. तिने हात पुसले आणि सरांच्या खोलीकडे निघाली.

दार अर्धवट उघडं होतं. आत तो उभा होता, चहाशिवाय. "चौथा जोड माझा, सर. घाईत भरला. तिचे तिन्ही पक्के आहेत."

"खोटं आहे," ती दारातूनच म्हणाली. "कच्चा जोड माझा आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नोंदीचा कागद पुढे ओढला. "कालचा दाब लिहिलाय. शेजारी तापमानाचा रकाना आहे. तो रिकामा का?"

दोघांनी रिकाम्या रकान्याकडे पाहिलं.

"काल चारला मी पाहिलं, पत्र्याखाली तीस अंश होते. रात्रभर वारा होता, आज वीस आहेत. थंड झाला की वायू आकसतो. दाब उतरणारच." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "लेखी परीक्षेत हेच गणित होतं. तुला पैकीच्या पैकी." मग त्याच्याकडे वळले. "आणि तुझ्या मामाच्या दुकानातलं शेंबडं पोरही हे सांगेल."

दोघांच्या माना खाली.

"इतकी वर्षं मला चोर शोधावे लागायचे. आज दोन आपणहून हजर झालेत, आणि चोरीच झालेली नाही. रकान्याचे पाच गुण गेले. ऊन चढेपर्यंत मीटरपुढे बसा. काटा वर आला की दोघंही पास."

ती दोघं मीटरपुढे बाकावर बसली. ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, मग हळूहळू नळीवर. दोनशे ब्याण्णव. दोनशे चौऱ्याण्णव.

"पटावरून नाव गेलं असतं," ती म्हणाली. "कशाला बोललात?"

"तुमची नोकरी गेली असती." तो काट्याकडेच पाहत होता. "खरं सांगायचं तर... तुम्ही जावं असं मला वाटत नाही. रात्रभर हेच डोक्यात होतं, काटा पडला तर बरं होईल. सकाळी तो खरंच पडला आणि माझी मलाच लाज वाटली."

तिची नजर काट्यावर गेली. दोनशे सत्त्याण्णव.

"तापमान लिहायचं माझं काम होतं," ती म्हणाली. "थर्मामीटर समोर होता. मी तुमच्याकडे बघत होते."

त्याचा हात सवयीने काचेकडे गेला. तिने तो वाटेतच धरला.

"टिचकी नको. येईल तो."

काटा तीनशेवर कधी पोचला, ते दोघांनाही सांगता आलं नाही. सर नोंद करायला आले, तेव्हा काटा तिथेच होता. सोमवारी ती परगावी गेली. रोज संध्याकाळी तो शेडमध्ये डोकावतो आणि तिच्या फोनवर दोन आकडे येतात, त्यांच्या नळीतला दाब आणि शेडचं तापमान. तीही तिच्या यंत्रघरातले दोन आकडे पाठवते. एकही रकाना रिकामा नसतो.